न लागणारा आजार

मथुरताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आणि संतोष वाशीमला वकिलांच्या खोलीत बसलो होतो. संतोष म्हणजे मथुरताईंचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. गेलोही होतो त्यांच्याच कामासाठी. कॅन्सर झालेल्या बाईला इथल्या एका दवाखान्यानं टीबी समजून महिनोन् महिने गोळ्या दिल्या, त्याची तक्रार ग्राहक आयोगात करता येईल का, हे विचारायला. वकील शांतपणे समजावत होते की निदान चुकणं वेगळं आणि हलगर्जीपणा वेगळा, कायदा दोन्हींना एका मापानं मोजत नाही. जन्मभर शाळेत मुलींना मीच समजावून सांगितलेलं, त्यामुळे मला कुणी समजावायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात संतोषचा फोन वाजला. पलीकडून वर्षा, त्याची बायको, फक्त ‘आई...’ एवढंच म्हणाली आणि मग नुसता मळ्यातल्या मोटारपंपाचा आवाज येत राहिला. संतोषनं फोन माझ्या हातात दिला, जणू तो मलाच आला होता. वकील उठून उभे राहिले. अगदी हळू आवाजात म्हणाले, की आता अर्ज बदलावा लागेल, अर्जदार त्या नसतील, वारस असतील. माणूस चांगला आहे, चुकीचं काहीच बोलले नाहीत. पण त्या क्षणी त्यांच्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलून भिंतीवर मारावा असं मला वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

मथुरताई माझ्या थोरल्या नणंद. मी लग्न होऊन शेलूबाजारच्या घरात आले, तेव्हा त्या आधीच अनसिंग रोडवरच्या मळ्यात सासरी नांदत होत्या. माझ्या लग्नाला त्या आहेर नंतर घेऊन आल्या, आधी आणलं सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, हे एवढं गाठोडं, स्वयंपाकासाठी. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, शिकलेली आहेस म्हणे, जुडी बांधता येते का? मी नाही म्हटलं. ‘मंग काय शिकली?’ असं म्हणून त्यांनी मला शालूसकट खाली बसवलं आणि पुढ्यात सांबार ओतला. नोकरी लागायला अजून बराच अवकाश होता, पण त्या दिवसापासून मी त्यांची मास्तरीनबाई झाले. आमचं जमायचं कसं, याचं लोकांना नवल वाटायचं, कारण आम्ही भेटलो की पहिल्या घोटालाच चहावरून भांडायचो. त्यांच्या चहात साखर जास्त आणि माझ्यात पुस्तकं जास्त, असं त्या म्हणत.

जुडी बांधणं मला शेवटपर्यंत आलं नाही. त्यांचं बघत मात्र तासन् तास बसले. डाव्या मुठीत मावेल तेवढी मेथी, देठं एका रेषेत, केळीच्या वाळक्या सोपटाची दोरी दातात धरलेली, एक टोक ओढून दोन वेढे, पीळ, की जुडी टोपलीत. नजर दुसरीकडेच. दातात दोरी असतानाही त्यांचं बोलणं चालू असे, आणि ते सगळ्यांना नीट कळत असे. नवरा गेला तेव्हा संतोष शाळेत होता. चार लोकांनी मळा बटईनं, वाट्यावर कसायला द्यायचा सल्ला दिला, तो त्यांनी ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टोपली घेऊन स्वतः बाजारात जाऊन बसल्या. वाशीमच्या बाजारात त्यांच्या जुडीसाठी गिऱ्हाईक थांबून राहायचं. आत पिवळं पान दडवायचं नाही, एवढा एकच त्यांचा धंद्याचा नियम होता. मी रिटायर झाल्यावर दर रविवारी मळ्यात जाऊ लागले. आमचे हे म्हणायचे, बहीण माझी आणि माहेर तुझं झालं.

खोकला सुरू झाला तो कुणी मनावर घेतला नाही. हळद झाली, अडुळसा झाला, मेडिकलमधलं पातळ औषध झालं. मग अंगावरचं पोलकं सैल दिसायला लागलं. संतोषनं त्यांना वाशीमच्या छातीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला नम्र, माझ्या शाळेतल्या एका बाईंचा जुना दमा त्यांनीच आटोक्यात आणलेला. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला वर डाग दिसला. कफ तपासला, त्यात जंतू सापडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, काही वेळा सापडत नाहीत, पण आपल्या भागात अशी छाती दिसली की टीबीच असतो, कोर्स सुरू करू. मी तेव्हा मान डोलावली होती आणि आजही म्हणते, त्या दिवशी वाशीममधला कुठलाही डॉक्टर तेच बोलला असता. ज्याचं त्याचं श्रेय आणि ज्याची त्याची चूक वेगवेगळी ठेवावी, एवढं मास्तरकीनं मला शिकवलं आहे.

डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. खोकताना तोंडावर रुमाल धरा आणि लहान मुलांना जपा. बाकीचं सगळं आम्ही केलं... म्हणजे मथुरताईंनीच केलं. ऐकल्या ऐकल्या त्यांच्या मनात आली ती जुडी. ‘दोरी माह्या दातातून जाते, सुनंदा. गावाच्या तोंडात माहा रोग घालू का?’ त्याच दिवशी त्यांनी भाजीला हात लावणं सोडलं. मी परोपरीनं सांगितलं की हा रोग श्वासातून जातो, सांबारातून जात नाही. त्या म्हणाल्या, तुझ्या पुस्तकात नसेल जात, बाजारात जातो. आणि त्यांचं खरं होतं. एकदा का बाजारात शब्द फुटला असता, की संतोषची टोपली भरलेली तशी परत आली असती. सरकारी नोंद झाल्यामुळे आरोग्य खात्याची बाई चौकशीला घरी यायची, तिचीसुद्धा गाडी त्यांनी रस्त्यावर न लावता आत गोठ्यामागे लावायला लावली. आणि स्वतः मळ्याच्या टोकाला, विहिरीजवळच्या खोलीत राहायला गेल्या.

ती खोली राहण्यासाठी नव्हतीच. पंपाचा स्टार्टर, खताची पोती आणि फवारणीचा पंप यांच्यासाठी ती बांधलेली. एक दार, आणि खिडकी म्हणाल तर पाइप बाहेर काढायला ठेवलेलं भोक. तिथं खाट पडली, एक ताट, एक गिलास, पाण्याची घागर. भरल्या बाजारात बसणारी बाई त्या खोलीत दिवसभर पोत्यांकडे बघत बसायची. मला दारातच बसवायची, आत येऊ द्यायची नाही. मी रागावले तर म्हणायची, वर्गाच्या बाहेर उभं राहून बघ कसं वाटतं. काही आठवडे गोळ्या पोटात गेल्यावर हा रोग सहसा पसरत नाही, हे मी वाचलं होतं, म्हणून मुद्दाम जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हो, तसा आता धोका नाही, तरी घरात लहान मूल असेल तर जपलेलं बरं. हा एक ‘तरी’ मी मळ्यात नेऊन सांगितला, आणि त्या ‘तरी’च्या पुढे कुणाचं काही चाललं नाही.

लहान मूल म्हणजे आरू, संतोषची मुलगी. तोवर ती आजीजवळ झोपायची, आजीच्या ताटात जेवायची, आजीनं टोपलीत बसवून सबंध मळा फिरवलेली. आता घर आणि खोलीच्या मधोमध जो पाण्याचा हौद आहे, ती हद्द ठरली. वर्षानं तिला शिकवलं, हौदापर्यंत, त्याच्या पुढे नाही. संध्याकाळी आरू हौदाच्या कठड्यावर बसायची, आजी खोलीच्या दारात. आजी एकेक पान उंच धरायची आणि पोरगी ओरडून नाव सांगायची, पालक, चुका, अंबाडी. चेंडू घरंगळत खोलीकडे गेला तर मथुरताई त्याला हात लावत नसत, काठीनं ढकलत. एकदा आरू खेळण्याच्या नादात हौद ओलांडून धावत सुटली. मथुरताई अशा काही ओरडल्या की पोरगी जागच्या जागी उभी राहिली आणि तिची चड्डी ओली झाली. त्यानंतर ती कधी धावली नाही.  त्या रविवारी मी निघताना मथुरताई म्हणाल्या, ‘मी लेकराले भेव घातलं. पन वाचलं ना माहं लेकरू... बस.’

गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, अन्न बघवत नसे, तरी त्यांनी एक गोळी चुकवली नाही. फरक मात्र पडेना. दाखवायला नेलं की डॉक्टर नवा एक्स-रे काढायचे, जुन्याशेजारी धरायचे आणि म्हणायचे, काहींना वेळ लागतो. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. आवाज घोगरा झाला, गोळ्या बदलल्या. मी विचारलं, दुसरीकडे दाखवू का? म्हणाले, जरूर दाखवा, पण कोर्स मध्येच तोडू नका, नाहीतर औषध पुढे लागू पडत नाही. हे संतोषच्या मनात इतकं घट्ट बसलं की दुसरीकडे जायचं म्हटलं की त्याला वाटे, तिथं हे औषध बंद करतील आणि आईचं वाटोळं होईल. म्हणजे बरंही वाटत नाही आणि थांबताही येत नाही. चुकीच्या गाडीत बसल्याची शंका यावी आणि चालती गाडी सोडायचा धीर होऊ नये, तसे ते दिवस गेले. शेवटी गळपट्टीच्या हाडावर गाठ हाताला लागली, तेव्हा कोर्सचा विचार न करता त्यांना नागपूरला नेलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी गाठीत सुई घालून नमुना तपासला आणि मग सांगितलं. फुफ्फुसाचा कॅन्सर. पसरलेला. जुने एक्स-रे एकेक करून उजेडावर धरत ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, हे आधीच बघायला हवं होतं. पुढे मी त्यांना हेच वाक्य कागदावर मागितलं, तर म्हणाले, मी बोललो असेन, पण लिहून देत नाही. ते असो. मला सांगायचं आहे ते मथुरताईंचं. बाहेर बाकावर आम्ही सगळे माना खाली घालून बसलेलो आणि त्यांनी आजाराचं नाव, किती दिवस, कसलं ऑपरेशन, यातलं काहीसुद्धा विचारलं नाही. आत जाऊन एकच विचारून आल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता असा होता. ‘सुनंदा, हा लागत नाई.’ मला वाटलं त्यांना कळलंच नाही. त्यांना पुरतं कळलं होतं.

परतीच्या वाटेवर त्यांनी शेलूबाजारला गाडी थांबवायला लावली. तोंडावरचा पदर काढून, स्वतः उतरून, दुकानातून बिस्किटांचे पुडे आणि फुगे घेतले. गाडीत मला म्हणाल्या, तुझ्या पुस्तकात कॅन्सर वाईट म्हणून लिहिलं असेल, माझ्यासाठी बराच आहे. मळ्यात पोचताच खोलीकडे न जाता सरळ घराच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि आरूला हाक मारली. आरू हौदाशी उभी होती. ये, आता चालते, आजीले तो रोग नाई... त्या बोलवत राहिल्या, पुडा फोडून बिस्कीट पुढे धरलं. पोरगी हलली नाही. तिनं फ्रॉकचं टोक उचललं आणि नाकावर धरलं, तिला शिकवलं होतं तसं. संतोष तिला उचलून आणायला धावला, तर मथुरताईंनी त्याला थांबवलं. ‘वढू नको तिले. येइन थे आपल्या मनानं.’

ती आली नाही. मथुरताईंची खाट घरातल्या मोठ्या खोलीत आली, तर आरू भिंतीला पाठ लावून, खाटेपासून जमेल तितकी लांबून आत-बाहेर करायची. मी गोष्टी सांगून पाहिल्या, रागावून पाहिलं. तिला काहीच पटेना, आणि पटावं तरी कसं? जे तिच्या कळत्या वयातलं पहिलं सत्य होतं, ते मोठ्या माणसांनी एका दुपारी येऊन खोटं म्हटलं. नागपूरचं औषध थोडे दिवस चाललं, मग तिथल्याच डॉक्टरांनी घरी ठेवा म्हणून सांगितलं. मथुरताई कुणाला दोष देत नव्हत्या. एकदाच मला जवळ बसवून म्हणाल्या, ‘त्या डॉक्टरनं एक डाव इथं याव. पोरीले सांगाव, आजीले तो रोग नव्हताच, माही चूक झाली. थे डॉक्टरचं आयकन. मले दुसरं काई नाई पायजे.’

म्हणून मी आणि संतोष दवाखान्यात गेलो. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. डॉक्टरांनी नागपूरचे कागद दोनदा वाचले, आणि त्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. त्यांनी चहा मागवला, आईंना काय त्रास होतो ते विचारलं, दुखण्यावर एक औषध सांगितलं, ते उपयोगीही पडलं. मग म्हणाले, पहिल्या दिवशी जे दिसत होतं त्यावरून माझं बरोबरच होतं. मी म्हटलं, पहिला दिवस सोडा, नंतरचं काय? ते म्हणाले, ‘बाई, मला वाईट वाटतंय. पण चुकलं असं मी म्हणू शकत नाही. मी तसं म्हटलं तर उद्या हा दवाखाना चालणार नाही.’ मळ्यात यायचं तर शक्यच नव्हतं. बाहेर आल्यावर संतोष म्हणाला, मामी, आता वकील बघू. मला राग आला होताच, पण त्याहून जास्त कोंडल्यासारखं झालं होतं, कारण त्या खुर्चीत बसलेला माणूस वाईट नव्हता, आणि तोही कुठंतरी अडकलाच होता.

मथुरताई गेल्यावर, दिवसपाणी आटोपल्यावर आम्ही पुन्हा वकिलांकडे गेलो. त्यांनी दोन प्रश्न काढून ठेवले होते. त्या डॉक्टरच्या जागी दुसरा जाणकार डॉक्टर असता तर त्यानं काय केलं असतं, हे कोण लिहून देणार? आणि वेळेत कळलं असतं तर त्या वाचल्या असत्या, हे कशावरून? पहिल्या प्रश्नापायी मी वाशीम झालं, अकोला झालं, ओळखीचे सगळे डॉक्टर पालथे घातले. सगळ्यांनी खुर्ची दिली, कागद कुणी दिला नाही. एक जण तर माझी विद्यार्थिनी, पाया पडली आणि म्हणाली, बाई, दुसरं काहीही सांगा. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच. कदाचित वाचल्या नसत्या. तो आजार तसा वाईटच.

पण मी त्यावर खूप विचार केला आहे आणि माझं मत मी सांगणार. पहिल्या दिवशी तो डॉक्टर चुकला, त्याला मी हलगर्जी म्हणणार नाही. माणूस चुकतो, आणि टीबी इथं खरंच घरोघर आहे. पण जंतू सापडले नव्हते, डाग तसाच होता, बाई वाळत चालली होती, आणि दर खेपेला तो तिच्याकडे न बघता आपण आधी काय लिहिलंय तेच वाचत होता. एखाद्या मास्तरानं पेपर न उघडता मागच्या वर्षीच्या मार्कांवरून मार्क द्यावेत, तसं. पेपर उघडायची पाळी त्याच्यावर एकदा नाही, अनेकदा आली. तिथं चूक संपते आणि दुसरं काहीतरी सुरू होतं. त्याला कायद्यात काय म्हणतात ते वकील जाणोत, शाळेत आम्ही त्याला कामचुकारपणाच म्हणत होतो.

हे मी इतक्या ठामपणे लिहितेय, आणि तरी तक्रारीवर सही करायच्या आदल्या आठवड्यात जे झालं त्यानं आमची बोटंच आखडली. आमचे हे दुपारी मळ्यात संतोषबरोबर पाणी बघायला गेले होते. छातीत कळ आली, घामानं अंग भिजलं. शेजारच्या गाडीत घालून संतोषनं त्यांना नेलं ते त्याच दवाखान्यात. दुसरीकडे नेणार कुठं? अकोल्याला पोचेपर्यंत माणूस राहतो की नाही कोण सांगणार. मी रिक्षानं पोचले तेव्हा तेच डॉक्टर ह्यांच्या खाटेशी वाकलेले होते, नाडीवर बोटं. इंजेक्शन त्यांनी स्वतः दिलं, अकोल्याला स्वतः फोन केला, अॅम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंत जागचे हलले नाहीत. त्यांनी मला ओळखलं होतं. एवढंच म्हणाले, वेळेत आणलंत. आणि माझे हात जोडले गेले. मी जोडले नाहीत, ते जोडले गेले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

हे बरे होऊन आले आणि मळ्यात सगळे बसलो. ह्यांनी स्वच्छच सांगितलं, ‘ज्यानं मले उभं केलं, त्याले आता मी कटघऱ्यात उभं करू का? सोडून द्या.’  संतोषलाही इथंच राहायचं आहे, इथल्याच बाजारात बसायचं आहे, उद्या पोरीला ताप आला तर याच दारात उभं राहायचं आहे. मी बोलायला गेले तर माझाच आवाज मला खोटा वाटला, कारण त्या डॉक्टरमुळे माझं कुंकू राहिलं होतं आणि त्याच डॉक्टरमुळे माझी नणंद त्या पोत्यांच्या खोलीत बसून राहिली होती. दोन्ही खरं होतं. एकानं दुसरं फिटत नव्हतं. असं वाटलं, आता हे असंच राहणार, आपण कुणीच यातून बाहेर पडणार नाही.

तेव्हा वर्षा आतून आली. ही मुलगी सासऱ्यांच्या पिढीसमोर बसून कधी बोललेली नाही. त्या दिवशी ती उंबऱ्यात बसली आणि ह्यांच्याकडे बघून बोलली. आम्ही वकिलांकडे असताना घरात ती आणि आरू दोघीच होत्या, आणि त्या वेळी काय झालं ते तिनं आजवर संतोषलाही सांगितलं नव्हतं. ‘आई गेल्या, मी फोन केला, अन् तशीच बसून राह्यली. आरू भिताडाले टेकून उभी होती. मले म्हने, आजीचा खोकला थांबला का? मी म्हनलं, हो. आता जाऊ का जवळ? मी म्हनलं, जाय. थे गेली, मामाजी. खाटीवर चढली. आजीचा हात उचलला अन् आपल्या डोक्यावर ठेवला. हात खाली पडला, तं तिनं पुन्हा ठेवला... मीच तिले शिकवलं होतं ना, जवळ जाऊ नको म्हनून. कोनाच्या शब्दावर शिकवलं मी? थ्या डॉक्टरनं तुमाले वाचवलं, त्याचं भलं होवो. पन हे बी त्याले आयकू द्या.’

 आमचे हे संतोषला म्हणाले, वकिलाला सांग, मीही येतो. त्यानं माझं जे चांगलं केलं तेही सांगेन आणि ताईचंही सांगेन. तक्रार दाखल झाली. वकील म्हणतात, मांडीवर न बसलेल्या नातीची भरपाई कुठल्याच कलमात नाही, निकाल काहीही लागू शकतो. मी म्हटलं, कलमात नसेल तरी लिहा. त्यांनी नाखुशीनं का होईना, लिहिलं. डॉक्टरांना नोटीस गेली आहे. ह्यांची रक्तदाबाची गोळी संपत आली आहे, आणि ती लिहून घ्यायला कुठं जायचं हे आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नाही.

मी अजून रविवारी मळ्यात जाते. विहिरीजवळच्या खोलीत पुन्हा खताची पोती गेली आहेत, खाट मात्र घरातच आहे, आणि आरू आता तिच्यावर झोपते, खेळते, मला मास्तरीनआजी म्हणून गोष्टी सांगायला लावते. परवा तिच्याशेजारी बसून गोष्ट सांगताना मला ठसका लागला. साधा पाण्याचा ठसका, पण थांबेना. आरू खाटेवरून उतरली. घाईनं नाही, अगदी शहाण्यासारखी, भिंतीकडेनं दाराबाहेर गेली आणि हौदावर जाऊन बसली. मी दारातून हात पुढे केला, म्हटलं, ये गं, काही नाही मला. तिनं फ्रॉक नाकावर धरला होता. त्याच्या आतूनच म्हणाली, ‘तुमी तिथूनच सांगा.’